माजी सैनिकांच्या घरच्यांनी मदत नेमकी कुठे मागायची? (समुपदेशन, उपचार, कागदपत्रं)

माणदेशी
सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, जिथे घराआड घर फौजी आहे. कँटीन कार्ड, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), पेन्शनमधली वाढ याबद्दल सांगणारा माहीतगार अशा प्रत्येक गावात सापडतो. पण पेन्शन आलेले मेजर रात्र रात्र जागे असतात, बारीकसारीक आवाजाने दचकतात, पोरांवर हात उगारतात किंवा चार-चार दिवस तोंडातून शब्द काढत नाहीत, अशा वेळी वहिनींनी कुठे जायचं हे कुणी सांगत नाही. ते स्वतः दवाखान्यात यायला तयार होईपर्यंत सगळं घर ताटकळत बसतं, आणि त्यात वर्षं जातात.

म्हणून हा धागा. घरच्या माणसाला त्यांच्या परवानगीशिवाय स्वतः जाता येईल अशी ठिकाणं आधी लिहूया. ऐकीव माहिती कृपया टाळा.

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करतो. हे जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, वरचं कार्यालय म्हणजे पुण्यातला सैनिक कल्याण विभाग. इथे मानसोपचारतज्ज्ञ बसत नाहीत, त्यामुळे ती अपेक्षा ठेवून जाऊ नका. पण इथले कल्याण संघटक तालुक्यांना दौरे करतात, घरी येऊ शकतात, आणि बहुतेक जण स्वतः माजी सैनिक असतात. पत्नीने, आईने किंवा मुलाने एका पानाचा साधा अर्ज दिला तरी चालतो. अर्जात सैनिक क्रमांक, हुद्दा, रेजिमेंट, निवृत्तीची तारीख, घरचा पत्ता, आणि अडचण दोन-तीन वाक्यांत सरळ लिहा: 'रात्री झोपत नाहीत, दारू वाढली आहे, उपचाराला नकार देतात, घरभेट द्यावी.' दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पुढे पाठपुरावा त्या क्रमांकावरच होतो. तोंडी सांगून आलेल्या तक्रारीला मागचा-पुढचा धागा राहत नाही.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार न्या. डिस्चार्ज बुकाचं फक्त पहिलं पान नेलं तर काम अडतं, कारण कुटुंबाची नोंद आतल्या पानावर असते.

पॉलीक्लिनिक_ताई
ईसीएचएसबद्दल मी लिहिते. १ एप्रिल २००३ पासून ही योजना आहे. पेन्शनधारक माजी सैनिक, पत्नी आणि अवलंबितांना उपचार मिळतात, आणि मानसिक आजार त्यातच येतात. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की पत्नीचं कार्ड स्वतंत्र आहे. तिला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, छातीत धडधडत असेल, तर ती स्वतःच्या कार्डावर स्वतःसाठी उपचार घेऊ शकते. त्यासाठी साहेबांनी सोबत यायची गरज नाही. घरातला एक जण सावरला की पुढची बोलणी सोपी होतात, हे बऱ्याचदा दिसतं.

बहुतेक पॉलीक्लिनिकमध्ये (ईसीएचएसच्या दवाखान्यांत) मानसोपचारतज्ज्ञ नसतात. तिथले मेडिकल ऑफिसर तपासून लष्करी रुग्णालयात किंवा पॅनेलवरच्या (ईसीएचएसने मान्य केलेल्या) रुग्णालयात रेफर करतात. गडबड होते ती इथेच. पेशंट म्हणतो, 'झोप येत नाही, बाकी एकदम ठीक.' ओपीडीत गर्दी असते, दोन मिनिटांत झोपेची गोळी लिहून मिळते आणि मूळ आजार तसाच राहतो. ती गोळी महिनोन् महिने चालू राहिली तर तिचीच सवय लागते. दारूसोबत घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका वेगळाच.

त्यामुळे जायच्या आधी दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा. किती वाजता झोपले, किती वेळा उठले. झोपेत ओरडले का, दचकून उठले का. रागाचा भडका कशावरून उडाला. दारू किती, पेगात नव्हे तर मिलिलिटरमध्ये किंवा 'क्वार्टर किती दिवसांत संपली' असं. फटाके, लग्नातला बँड, टीव्हीवरच्या बातम्या किंवा ठरावीक तारखा टाळतात का, तेही लिहा. ती वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवली की रेफरल मिळायला अडचण येत नाही.

औषधांबद्दल: नैराश्य आणि आघातानंतरचा तणाव या दोन्हींत दिल्या जाणाऱ्या मुख्य गोळ्यांचा गुण दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, पोट बिघडणं, थोडी बेचैनी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे आधी त्रास, मग फायदा. हे सांगितलेलं नसलं की पेशंट आठव्या दिवशी गोळ्या फेकून देतो. आणि बरं वाटलं म्हणून मनाने अचानक बंद करू नका, कमी करत आणाव्या लागतात.

अचानक बिघडलं आणि जवळच्या, पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवा. उशिरा कळवलं की बिलाचा परतावा अडकतो. ईसीएचएसचा टोल फ्री क्रमांक १८००-११४-११५.

कृष्णाकाठ
ताईंची वहीची सूचना फार मोलाची आहे.

फोनवरून मदत हवी असेल तर टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन. क्रमांक १४४१६, पर्यायी १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १ डिसेंबर २०२३ ला पुण्यात एएफएमसीमध्ये (लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात) खास सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला. फोन लागला की आधी भाषा निवडायची असते, मराठी निवडा. मग समुपदेशक बोलतात. त्यांना गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडतात किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कक्षाकडे पाठवतात. पहिल्याच वाक्यात 'माझे पती माजी सैनिक आहेत, ते बोलायला तयार नाहीत, मी त्यांच्याबद्दल आणि माझ्याबद्दल विचारतेय' एवढं सांगितलं की संभाषण लगेच मुद्द्यावर येतं.

घरी बोलताना 'तुमचं डोकं फिरलंय, डॉक्टरकडे चला' म्हटलं की दार कायमचं बंद होतं. अंगाच्या तक्रारीवरून सुरुवात करा: झोप, बीपी, डोकेदुखी, कानात येणारा आवाज. तोफखान्यातल्या आणि स्फोट जवळून अनुभवलेल्या माणसांच्या कानाला इजा झालेली असू शकते, आणि डोक्याला मार लागून गेला असेल तर चिडचिड, विसराळूपणा त्यातूनही येतो. म्हणून पहिल्या तपासणीत जुनी इजा, बेशुद्धी, स्फोट याबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. 'जगून काय उपयोग', 'माझ्यामागे तुमचं सगळं नीट होईल' असं बोलणं, अचानक कागदपत्रं आणि देणी-घेणी समजावून सांगणं, वस्तू वाटून टाकणं दिसलं, तर सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या काळात माणसाला एकटं ठेवू नका. शेतावरची कीटकनाशकं कुलपात ठेवा, नाहीतर शेजाऱ्याकडे हलवा.

आबा_नीरा
बंदुकीचं काय? आमच्याकडे बरेच जण बँकेत किंवा कारखान्यावर गार्ड आहेत, स्वतःची परवान्याची बारा बोअर घरीच असते.

कृष्णाकाठ
आबा, बरं झालं विचारलंत. अशा घरात बंदूक बाहेर काढणं हे पहिलं काम. शस्त्र कायद्यानुसार ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. परवाना त्यांच्या नावावर असतो, म्हणून घरच्यांनी बंदूक परस्पर भावाच्या किंवा मेहुण्याच्या घरी नेऊन ठेवू नये, तो गुन्हा ठरतो. ते ऐकत असतील तर 'उपचार चालू आहेत तोवर ठाण्यात ठेवू' म्हणून त्यांनाच घेऊन जा, आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहून घ्या. ऐकत नसतील तर पत्नीने ठाणे अंमलदाराला लेखी अर्ज द्यावा, डॉक्टरांचा कागद असेल तर जोडावा. हातात बंदूक घेऊन धमकी देत असतील तर अर्जाची वाट पाहू नका, ११२ लावा, मुलांना घेऊन बाहेर पडा, आणि फोनवरच सांगा की घरात भरलेली बंदूक आहे.

जबरदस्तीने दाखल करण्याबद्दल गैरसमज फार आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (आजारी माणसाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या) अर्जावरून दाखल करता येतं. पण त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका, किंवा स्वतःची काळजी घेताच न येणं, यापैकी काहीतरी असावं लागतं. मुदत ३० दिवसांपर्यंत. 'गाडी पाठवतो, उचलून नेतो' म्हणणाऱ्या खासगी केंद्रांपासून लांब राहा. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं महाराष्ट्रात चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो, दाखलच व्हावं लागतं असं नाही.

वाट_पाहणारी
दारूबद्दल कोणी सविस्तर लिहील का? कँटीनचा कोटा घरी येतो, तो थांबवला तर घरात भांडण. काही बायका बाटल्या लपवतात किंवा मोरीत ओततात.

पॉलीक्लिनिक_ताई
ओतू नका, ताई. त्यामागचं कारण वैद्यकीय आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, नसलेली माणसं-किडे दिसणं, ताप, नाडी वाढणं अशी अवस्था येऊ शकते, आणि तिच्यात मृत्यूही होतो. घरच्यांना वाटतं 'बाहेरचं झालं' किंवा 'वेड लागलं', आणि देवऋषाकडे नेण्यात मोलाचे तास जातात. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आलेली असेल तर पुन्हा येण्याची शक्यता जास्त, अशांनी घरी प्रयोग करूच नये. दाखल करून, गोळ्यांच्या आधाराने आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन दारू उतरवतात. बी-१ न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावणं धोक्याचं असतं, म्हणून गावातल्या डॉक्टरांना 'हे रोज पितात' हे लपवू नका. लाजेपायी हेच सांगितलं जात नाही.

दारू उतरली म्हणजे व्यसन सुटलं असं नाही. तो पहिला आठवडा झाला. पुढे समुपदेशन, गट, पाठपुरावा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, आणि तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. नवरा दाखल व्हायला तयार नसला तरी अशा गटाबद्दल फोन करून विचारा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मराठीतल्या सभा बऱ्याच तालुक्याच्या गावी होतात, पैसे लागत नाहीत. घरच्यांसाठी त्याच धर्तीवर अल-अ‍ॅनॉन आहे.

भांडण कोट्यावर नको. नशेत असताना कोणताही विषय काढू नये, सकाळी काढावा, आणि एका वेळी एकच गोष्ट मागावी: 'या आठवड्यात फक्त लिव्हरची तपासणी करून येऊ.' तपासणीला गेलेला माणूस पुढच्या खोलीपर्यंत जातो.

सनदवाला
कायद्याचा भाग लिहितो. तीन प्रश्न वारंवार येतात.

मानसोपचार घेतले तर पेन्शन बंद होते का? नाही. पेन्शन झालेल्या सेवेची असते, उपचारांमुळे ती थांबत नाही. शिवाय २०१७ च्या कायद्यात उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. या भीतीपोटी खूप लोक सरकारी दवाखाना टाळून खासगीत पैसे घालवतात.

मानसिक आजारामुळे मेडिकल बोर्ड (लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी) होऊन घरी आलेल्यांना अपंगत्व पेन्शन नाकारली असेल तर? नाकारण्याच्या पत्रात बहुधा 'आजार सेवेमुळे नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही' असं एका ओळीत लिहिलेलं असतं. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. त्यामुळे पहिला कागद मिळवायचा तो मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीचा, फक्त निकालाचा नव्हे. तो रेकॉर्ड ऑफिसकडे (रेजिमेंटमधल्या सैनिकांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) अर्ज करून, न मिळाल्यास माहिती अधिकारात मागा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. बोर्डाने अपंगत्व किमान २० टक्के धरलेलं असावं लागतं. ते मान्य झालं की ५० च्या खालचं ५० धरलं जातं, ५० ते ७५ चं ७५, आणि त्यावरचं १००.

आधी अपील करायचं, सहा महिन्यांच्या आत. ते फेटाळलं की दुसरं अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. जुनी प्रकरणं गेलीच असं समजू नका. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने तयार होतो म्हणून उशीर माफ होऊ शकतो, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले आहेत, त्यानंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी वकिलाला ती तारीख आवर्जून सांगा.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे? महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. २६ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची 'वीर परिवार सहायता योजना' सुरू आहे, तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रं ठेवायची आहेत. हेल्पलाइन १५१००. जमिनीच्या वादात सासर-माहेर दोन्हीकडून ओढली गेलेली वीरपत्नी असेल तर समुपदेशनाइतकाच हा क्रमांक तिच्या मनावरचा भार कमी करतो.

खडकीकर
अपंगत्व आलेल्यांसाठी पुण्यात तीन जागा आहेत, त्या लोकांना एकच वाटतात. कृत्रिम अवयव केंद्र, १९४४ पासूनचं, पाय-हात बसवण्यासाठी. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, १९७४ पासूनचं, कण्याला इजा झालेल्यांसाठी. आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, अपंग जवानांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी. तिन्हींची कामं वेगळी, प्रवेशाची वाट वेगळी. लष्करी रुग्णालयाच्या किंवा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कागदाशिवाय थेट गेटवर जाऊन हेलपाटा होतो.

कंबरेखालचं शरीर लुळं झालेला माणूस घरी असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात. म्हणजे पत्नीला सलग झोप मिळत नाही. वर्षभरात तिचीच तब्येत ढासळते, चिडचिड होते, आणि घर तिलाच बोल लावतं. जाडजूड हवेची गादी घेतली तर दोन फेऱ्यांमधलं अंतर थोडं वाढवता येतं, पण किती ते फिजिओथेरपिस्टला विचारूनच. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या माणसाने ही पाळी घेतली पाहिजे, याची घरात बसून वाटणी करा.

फोंडेकर
गोव्यासाठी: पणजीचं राज्य सैनिक मंडळ, आणि मानसोपचारासाठी बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था. नौदलातले बरेच जण वास्कोच्या आयएनएचएस जीवंती या नौदल रुग्णालयाशी जोडलेले आहेत. बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी घरांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ पडते. चंदगडच्या लोकांनी लक्षात ठेवा, रेकॉर्ड बेळगावला असलं तरी कल्याण कार्यालय कोल्हापूरचंच.

माणदेशी
पैशाच्या विवंचनेतून बराच ताण येतो म्हणून अनुदानांचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणाऱ्या रकमा दुप्पट झाल्या. पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना महिना ८,००० रुपये, दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी महिना २,००० रुपये, मुलीच्या लग्नाला १ लाख रुपये. हे हवालदार हुद्द्यापर्यंत. लग्नाच्या अनुदानाचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत करायचा असतो, आणि विवाह नोंदणी रखडल्याने ही मुदत हातची जाते. लग्न झाल्याच्या आठवड्यातच ग्रामसेवकाकडून दाखला घ्या.

वाट_पाहणारी
गावातल्या एका वहिनींसाठी विचारते. साहेब गेल्या महिन्यात वारले. वहिनी कोणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत. पेन्शनचं काहीच केलेलं नाही. डिस्चार्ज बुकात 'सुमन' आहे आणि आधारवर 'सुनंदा'.

पॉलीक्लिनिक_ताई
पहिल्या महिन्यातलं हे बरंचसं दुःखच आहे, आजार म्हणू नये. पण पाणीसुद्धा सोडणं, सतत 'मलाही ने' म्हणणं, किंवा लहान मुलांकडेही लक्ष नसणं दिसलं तर वाट न पाहता आजच १४४१६. रोज एकाच वेळी एकच बाई जवळ बसलेली बरी, दहा जणी येऊन तेच तेच विचारण्यापेक्षा. जेवायला आग्रह नको, पेज-ताक हाताशी ठेवा.

सनदवाला
कागदांचं काम दीर-भाच्याने करावं, सही-अंगठा मात्र समजावून सांगून त्यांचाच. कोऱ्या फॉर्मवर सही नाही, आणि ओटीपी कुणालाही नाही. दुःखातल्या घरी एजंट याच दिवसांत येतात.

मृत्यू दाखल्याच्या दहा प्रती काढा. 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर मृत्यूची नोंद करा, किंवा सामायिक सुविधा केंद्रातून करून घ्या. टोल फ्री १८००-१८०-५३२५. साहेबांच्या मृत्यूनंतर खात्यात जमा झालेली पेन्शन खर्च करू नका, ती परत वसूल होते. पीपीओवर पत्नीचं नाव असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन लवकर सुरू होतं.

नावाच्या फरकासाठी: लग्नात नाव बदललेलं असल्याने आपल्याकडे ही अडचण घरोघरी आहे. 'सुमन आणि सुनंदा ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी, लग्नाचा पुरावा, आणि सरपंच किंवा पोलीस पाटलांचा दाखला, हे सगळं सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. आधारवरचं नाव घाईने बदलू नका. बँक, पॅन, शाळेचे कागद आधारशी जुळलेले असतात, एक ओढलं की चार सुटतात.

आणि ज्यांचे साहेब हयात आहेत त्यांनी हाच फरक आजच तपासा. सैनिकाने स्वतः अर्ज केला तर प्रश्न कमी विचारले जातात.

आबा_नीरा
वहिनींची पेन्शन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला घरून होतो का? बोटांचे ठसे उमटत नाहीत, शेतीकामाने झिजलेत.

माणदेशी
होतो, आबा. फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप घ्या. चेहऱ्यावरून ओळख पटते. खिडकीकडे तोंड करून बसवा, उजेड मागून आला तर फोटो नाकारला जातो. चष्मा काढा, डोक्यावरचा पदर कपाळाच्या वर घ्या, अ‍ॅप सांगेल तेव्हा पापण्या मिटून उघडायच्या. पेन्शनचा प्रकार 'फॅमिली' निवडा. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या यादीत डिफेन्सचं पीसीडीए पेन्शन, अलाहाबाद, आणि वितरण करणाऱ्यात 'स्पर्श' असलेला पर्याय घ्या. इथे बँकेचं नाव निवडलं की दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते. मुदत सरसकट नोव्हेंबर धरू नका, स्पर्शवर त्यांच्या नावापुढे दिसेल ती तारीख खरी. मेसेजमध्ये प्रमाण आयडी येतो तो लिहून ठेवा, आणि आठवड्याने स्पर्शवर दाखला स्वीकारल्याचं दिसतंय का ते पाहा.